इंधन, हवा, ठिणगी आणि नाना

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवायचं बंद झालं, त्याला कारण एक विमान. माणसं बसतील असं नव्हे, पण अगदीच खेळण्यातलं म्हणावं असंही नव्हे. पेट्रोलवर चालणारं खरं इंजिन, रिमोटवर हलणारी शेपटी, आणि पंख असे लांब की एकाचं टोक फ्रिजला टेकायचं आणि दुसऱ्याचं बरोबर माझ्या खुर्चीवर, जिथे माझं डोकं असायला हवं तिथे यायचं. त्यामुळे बाकीचे सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवत आणि मी ओट्याशी उभा राहून. घरातला कर्ता पुरुष मी, हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे ते कुठे दिसणार नाही.

हे विमान माझ्या सासऱ्यांनी बनवलं. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले, तेही थोड्याच दिवसांसाठी. "एवढं विमान पुरं करतो, एकदा उडालेलं बघतो, की निघालो लेकाकडे," असं त्यांनी आल्याच दिवशी जाहीर केलं होतं. लेक म्हणजे माझा मेहुणा. त्याच्या नव्या मोठ्या घरात नानांची खोली पडद्यांसकट तयार होती आणि फोनवर तो तिचं वर्णन ऐकवत असे. "दाजी, नानांना इथे हात हलवायला नको. माणूस खोलीत शिरला की दिवा आपोआप लागतो, बाहेर पडला की आपोआप जातो. पंखा आपोआप. पडदेसुद्धा!" मी "वा, वा" म्हणत असे. मनात म्हणत असे, की बाबा रे, तुझ्याकडे एखादं आपोआप उडणारं विमान असेल तर तेही बघ.

कारण आमच्या घरात दिवा आपोआप जात नाही. तो नाना घालवतात. नाना जन्मभर एका कारखान्याच्या गोदामाचे प्रमुख होते. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचं आणि पडता पडता सगळी बटणं बंद करायची, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले ते कारखान्यातून, बटणांतून नाही. चालू बटण दिसलं की त्यांचा अंगठा जातोच. तोंडाने बोलणं चालू असतं, लक्ष भलतीकडे असतं, आणि अंगठा आपला खट्. मी बाथरूममध्ये दाढी करत असलो की बाहेरून खट्. एका गालाला फेस, हातात रेझर आणि चहूकडे काळोख. मी "नाना!" असं ओरडतो. "अरेच्चा, आत आहात होय?" असं नाना विचारतात. बाथरूमचा दिवा कोणी बाहेर बसण्यासाठी लावत नाही, हे मी त्यांना कैक वेळा समजावलं आहे. त्यांना ते पटतंही. अंगठ्याला पटत नाही.

तेव्हा विमान उडावं अशी इच्छा त्या घरात नानांपेक्षा मला जास्त होती. मला माझं टेबल हवं होतं, माझी खुर्ची हवी होती आणि दोन्ही गालांची दाढी एकाच उजेडात व्हायला हवी होती. माझ्या महत्त्वाकांक्षा एवढ्याच.

विमान पुरं झालं, रंगलं, वाळलं. आणि इंजिन सुरू होईना.

पहिला प्रयत्न आम्ही इमारतीच्या गच्चीवर केला. हे इंजिन सुरू करायची एक रीत आहे आणि ती मला नानांनीच शिकवली. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल भरायचं. चोक ओढायचा. पंखाच्या मागे, विमानाच्या कुशीत एक बारीक बटण आहे, ते चालू करायचं म्हणजे प्लगला वीज मिळते. मग एकाने मागे बसून विमान घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने पुढे जाऊन, जाड हातमोजा घालून, प्रोपेलरला झटका द्यायचा. थोड्या झटक्यांत इंजिन एकदा फट् करतं. फट् झालं की चोक उघडायचा, पुन्हा झटका, की सुरू. नानांच्या खांद्याला झटका झेपत नव्हता, म्हणून ते मागे बुटक्या स्टुलावर बसून विमान धरत आणि मी बटण चालू करून पुढे येत असे. झटके थांबले की बटण बंद करायचं काम अर्थातच नानांचं.

मी झटके दिले. बरेच दिले. शेवटी फट् असा आवाज झाला, पण तो माझ्या खांद्यातून आला.

"होईल, होईल," नाना मागून म्हणाले. "नवं इंजिन आहे. जरा अडेल."

एवढ्यात जिन्यातून स्कूटरकाका वर आले. हे आमच्या समोरच राहतात आणि सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. गच्चीवर पेट्रोल कोणी आणलं याची चौकशी करायला ते आले होते, पण सुरू न होणारं इंजिन बघितल्यावर त्यांच्यातला सेक्रेटरी मागे पडला. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे आणि जगातल्या यच्चयावत यंत्रांचं ज्ञान त्यांना त्या एका स्कूटरपासून झालेलं आहे.

"आडवं करा त्याला," ते म्हणाले.

"विमानाला?"

"मग काय मला? पेट्रोल वर चढायला नको? माझी स्कूटर रोज सकाळी आडवी करतो मी. एका किकमध्ये सुरू!"

ही एक किक सकाळी सगळी इमारत ऐकते आणि तिच्यावर घड्याळं लावते, कारण ती अर्धा तास चालते. पण सेक्रेटरींशी वाद नको म्हणून आम्ही विमान आडवं केलं. पेट्रोल वर चढलं नाही, खाली उतरलं आणि काकांच्या चपलांवर गेलं. मग काकांनी स्वतःच पान्याने प्लग काढला. प्लग ओलाचिंब होता.

"हे बघा! पेट्रोल जास्त होतंय." काकांनी कार्बोरेटरची पिन पिळून कमी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा झटके, पुन्हा काहीच नाही, पुन्हा ओला प्लग.

"पेट्रोल कमी पडतंय," काका म्हणाले.

"काल जास्त म्हणाला होतात."

"काल जास्त होतं, म्हणून तर आपण कमी केलं. आता कमी झालं!"

यात चूक कुठे काढावी ते मला कळेना. माझं हे असंच होतं. समोरचा माणूस ठासून बोलला की मला आधी वाटतं, आपलंच काहीतरी राहिलं असेल. ऑफिसातही माझी सगळी कारकीर्द अशीच झाली.

बोटाला प्रोपेलर लागला, पट्टी बांधली. ऑफिसात सगळ्यांनी काय झालं म्हणून विचारलं आणि मी "विमानाचा अपघात" असं सांगितल्यापासून माझ्या टेबलाकडे येणारी फाईलसुद्धा हसत येऊ लागली. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला साधी कुकरची शिट्टी बसवता येत नाही. नानांच्या विमानाला कशाला हात लावता?" त्यावर नानाच माझी बाजू घेत म्हणाले, "असू दे गं. जावईबापू मनापासून करतायत. घाई कुठे आहे?" मला घाई होती, पण ते सांगायची सोय नव्हती.

मग मी वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते तर्कशास्त्र शिकवतात. यंत्रांशी त्यांचा संबंध नाही, आणि म्हणूनच ते निःपक्षपातीपणे विचार करतील असं मला वाटलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"इंजिनाला तीन गोष्टी लागतात. इंधन, हवा, ठिणगी. बरोबर?"

"बरोबर."

"प्लग ओला आहे, म्हणजे इंधन आहे. हवा सगळीकडेच आहे. राहिली ठिणगी. ती बघा. ती नसेल तर दोष सापडला."

"आणि असली तर?"

त्यांनी डोळे उघडले. "तिन्ही गोष्टी असूनही सुरू होत नसेल, तर चौथी गोष्ट आहे. ती शोधायची."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत टिकलं.

दुपारी नाना झोपले होते. मी टेबलावरच प्लग बाहेर काढला, इंजिनाच्या धातूला टेकवला, बटण चालू केलं आणि प्रोपेलर फिरवला. निळी, झणझणीत ठिणगी! पुन्हा फिरवला, पुन्हा ठिणगी. म्हणजे इंधन होतं, हवा होती, ठिणगी होती. संध्याकाळी तेच विमान गच्चीवर नेलं, नाना स्टुलावर बसले, मी झटके दिले, आणि इंजिन मेल्यासारखं गप्प. टेबलावर शहाणं आणि गच्चीवर ठार बहिरं असं हे इंजिन बघून मला स्वतःबद्दलच शंका येऊ लागली.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. एकदा नाना केस कापायला गेले असताना मी विमान बाल्कनीत नेलं, शेपटी दोरीने कठड्याला बांधली आणि सहज झटका दिला. फट्! चोक उघडला, दुसरा झटका दिला आणि इंजिन असं काही गर्जलं की मी मागच्या मागे कुंडीवर बसलो. दोरीवर वाळत घातलेले कपडे सुसाट निघाले. माझा एक बनियन समोरच्या झाडावर गेला, तो अजून तिथेच आहे. मी कसाबसा बटणापर्यंत पोचलो आणि इंजिन बंद केलं. बायको धावत आली.

"सुरू झालं! झालं सुरू!" मी ओरडलो.

"कपडे कुठायत?" तिने विचारलं.

नाना आले तेव्हा मी दारातच त्यांना ही बातमी दिली. त्यांचा चेहरा उतरला. तो आवाज बिचाऱ्यांना ऐकायला मिळाला नाही म्हणून, असं मला वाटलं. "चला, तुम्हाला दाखवतो," म्हणून मी त्यांना लगेच गच्चीवर नेलं. नाना स्टुलावर बसले. मी झटके देत राहिलो, देत राहिलो, आणि इंजिन गप्प. त्या दिवशी ओट्याशी उभा राहून मी जेवलो नाही, नुसता उभा राहिलो. इंजिन माणसं ओळखतं की काय, हे मी प्राध्यापकांना विचारायला जाणार होतो, पण बायकोने अडवलं.

एकीकडे मेहुण्याचे फोन वाढले. तो येत्या रविवारी गाडी घेऊन नानांना न्यायलाच येणार होता. "विमान उडवा आणि निघा," तो म्हणाला. काकांमधला सेक्रेटरी पुन्हा जागा झाला होता आणि पेट्रोलपायी त्यांनी गच्ची बंद केली होती, तेव्हा मोठं मैदान हवं होतं. मैदान नगरपालिकेचं, आणि तिथे काहीही करायला परवानगी लागते. मी अर्धी रजा टाकून गेलो.

"कशासाठी?" खिडकीमागच्या लिपिकाने विचारलं.

"विमान उडवायचंय."

त्याने मान वर केली नाही. "वाहन की खेळणं?"

"विमान."

"विमानाला रकाना नाही. वाहन लिहिलं तर नंबर लागेल. खेळणं लिहिलं तर बारा वर्षांखालची मुलं, पालकांसोबत, सूर्यास्तापर्यंत."

"ज्यांचं विमान आहे ते सत्तरी ओलांडलेले आहेत."

"मग पालक कोण?"

मी गोंधळून मागे बघितलं. मागे रांग होती आणि रांगेला माझ्याबद्दल काही आस्था दिसत नव्हती. "मीच," मी म्हणालो.

"नातं?"

"जावई."

त्याने 'पालक: जावई' असं लिहिलं, शिक्का मारला आणि कागद सरकवला. अशा रीतीने मी येत्या रविवारी सूर्यास्तापर्यंत माझ्या सासऱ्यांचा पालक झालो. घरी हे सांगितल्यावर बायको पोट धरून हसली. नाना हसले नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाले.

रविवारी आम्ही मैदानावर गेलो. स्कूटरकाका आले, प्राध्यापक आले, मेहुणा गाडी मैदानाच्या कडेला लावून आला. गाडीच्या डिकीत नानांची बॅग आधीच ठेवली होती. नानांनी नवा शर्ट घातला होता आणि गळ्यात रिमोट अडकवला होता. ते स्टुलावर बसले. मी बटण चालू केलं, पुढे गेलो, हातमोजा चढवला आणि सुरुवात केली.

काही नाही. पुन्हा काही नाही. माझ्या शर्टाची पाठ भिजली. "आडवं करा," काका म्हणाले. "आवाज कमी करा, मला विचार करू द्या," प्राध्यापक म्हणाले, जरी आवाज फक्त माझ्या धापांचा होता. मेहुणा हातातल्या किल्ल्या वाजवत म्हणाला, "दाजी, मेकॅनिकलाच बोलवायचं होतंत. उगीच हौस!" बायकोने माझ्याकडे बघायचं टाळलं. हे सगळ्यांत वाईट.

मी बटण पुन्हा एकदा नीट दाबून चालू केलं, पुढे आलो, आणि इंजिनातून काही गळतंय का ते बघायला गुडघे टेकून, मान वाकडी करून विमानाच्या पोटाखालून पाहिलं. तिथून मागचं सगळं दिसत होतं. नानांच्या चपला दिसत होत्या, स्टुलाचे पाय दिसत होते, आणि विमान धरलेल्या हाताचा अंगठा दिसत होता. तो अंगठा हळूच सरकला.

खट्.

मला आधी वाटलं, सवय. मग मी वर बघितलं आणि नानांनी माझ्याकडे बघितलं. आणि मान खाली घातली. सवयीने बटण बंद करणारा माणूस मान खाली घालत नाही.

मी रांगत मागे गेलो. लोकांना वाटलं, मी दोष शोधतोय. मला तो सापडला होता.

"नाना," मी कुजबुजलो, "हे काय?"

"पहिल्या दिवशी सवयीनंच झालं हो," नाना पुटपुटले. "मग लक्षात आलं, की हे सुरू होत नाही तोवर कोणी मला जा म्हणत नाही." त्यांनी लेकाकडे बघितलं. "त्याच्याकडे सगळं चांगलंय. तो पोरगा चांगलाय. पण तिथे बटणंच नाहीत, जावईबापू. दिवसभर घरात कोणी नसतं, आणि दिवेसुद्धा आपले आपण जातात. मी तिथे करू काय?"

 इतके दिवस मी याच माणसाला घालवायला झटके देत होतो, आणि हा माणूस माझ्यामागे बसून 'घाई कुठे आहे' म्हणत होता. मला माझीच लाज वाटली. टेबलाची आठवणही आली नाही.

मी उठलो आणि गुडघे झटकले. "नाही व्हायचं हे," मी मोठ्याने म्हणालो. "इंजिन बिघडलंय. आणि मला यातलं काही कळत नाही. चूक माझीच."

"वाटलंच होतं," मेहुणा म्हणाला. "सांगत होतो ना, दाजींना जमणार नाही! एवढे दिवस फुकट घालवले नानांचे." काका हसले. प्राध्यापकही, तर्कात बसत नसताना, हसले.

नानांनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले. "जावईबापू," ते म्हणाले, "आणखी एकदा फिरवा."

"राहू द्या, नाना."

"फिरवा म्हणतो ना!"

मागे खट् असा आवाज झाला. मी प्रोपेलरला झटका दिला. फट्! चोक उघडला, दुसरा झटका, आणि इंजिन सगळं मैदान हलवत गर्जलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. बायको चक्क ओरडली. मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मानलं दाजी! चला नाना, एक चक्कर मारा, की निघू." नाना विमान धरून बसले होते. माझी अब्रू राखली गेली म्हणून ते हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने आलं असं ते नंतर म्हणाले.

अर्जावर पालक म्हणून माझी सही होती, आणि सूर्यास्ताला अजून पुष्कळ अवकाश होता. मी विमानाला वळसा घालून मागे गेलो, हात घातला आणि बटण बंद केलं.

एकदम शांतता झाली.

"आवाज बरोबर नाही," मी म्हणालो.

"काय?" मेहुणा म्हणाला.

"आवाज बरोबर नाही. असं हवेत सोडलं तर कोणाच्या तरी डोक्यावर पडेल. सगळं उघडून बघायला लागेल. वेळ लागेल."

मेहुणा काकांकडे वळला. काकांना इतक्या लोकांसमोर कोणी प्रथमच मत विचारत होतं. "अहो, मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले. "पिस्टनचा आवाज आहे. माझ्या स्कूटरचा असाच येतो." प्राध्यापक म्हणाले की आवाज हे कारण नसून परिणाम आहे आणि कारण शोधायला महिने लागू शकतात. त्यावर दोघांचा वाद सुरू झाला. मेहुण्याने किल्ल्या खिशात टाकल्या, डिकीतून बॅग काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "किती वेळ लागेल, दाजी?"

"हे बघ," मी म्हणालो, "मला साधी कुकरची शिट्टी बसवता येत नाही."

बायकोने या वेळी माझ्याकडे बघितलं. तिला काय कळलं आणि काय नाही ते मी विचारलं नाही.

विमान पुन्हा टेबलावर आहे. रविवारी आम्ही इंजिन उघडतो, पुसतो आणि पुन्हा लावतो. आज सकाळी मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता. बाहेर नानांच्या चपला वाजल्या आणि खट् झालं. मी ओरडलो नाही. चपला तशाच पुढच्या खोलीकडे, पुढच्या बटणाकडे गेल्या, आणि दुसरा गाल मी अंधारातच चाचपत पुरा केला.